मेडिकल इलस्ट्रेशन स्टुडिओचा रिव्ह्यू : चित्र कोर्टात टिकलं, पण दुसऱ्या ड्राफ्टनंतर

मी अमेरिकेत एका छोट्या लॉ फर्ममध्ये पॅरालीगल आहे, सहा वर्षं झाली. आमच्याकडे सगळ्या पर्सनल इंज्युरीच्या केसेस, म्हणजे कुणाला गाडीने ठोकलं, कुणी दुकानात ओल्या फरशीवर घसरून पडलं, त्यांची नुकसानभरपाई. वकील कोर्टात उभा राहून बोलतो आणि त्याच्या हातात योग्य वेळी योग्य कागद कसा येईल हे मी बघते. तर या कामात एक गोष्ट विकत घ्यावी लागते जी बाहेर फारशी कुणाला माहीतच नसते, ती म्हणजे मेडिकल इलस्ट्रेशन. क्लायंटच्या शरीरात नेमकं काय मोडलं, काय सरकलं, सर्जनने काय कापलं न काय बसवलं, याचं चित्र, जे ज्युरीला, म्हणजे केसचा निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांना, दाखवायचं. हा रिव्ह्यू अशाच एका स्टुडिओच्या कामाचा आहे. नाव लिहीत नाही कारण तक्रारीपण करणार आहे, आणि पुढच्या केसला परत त्यांच्याकडेच जायचंय.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलेलं, चित्र कशाला पाहिजे, एमआरआय आहे ना, एक्सरे आहे ना, तोच दाखवा. पण एमआरआय तुम्ही कधी नीट बघितलाय का? करड्या रंगाचा ढग, त्यात अजून थोडा करडा ढग. रेडिओलॉजिस्टला त्यात सगळं दिसतं, ज्युरीतल्या शाळेतल्या बाईंना आणि बसड्रायव्हरला काही दिसत नाही, आणि ते दिसत नाही हे ते बोलून दाखवत नाहीत, नुसती मान हलवतात. ऑपरेशनचे खरे फोटो दाखवावेत तर ते इतके रक्ताळलेले असतात की समोरचा वकील लगेच उठतो, हे फक्त ज्युरीला भडकवायला आणलंय म्हणून, आणि बऱ्याचदा त्याचं ऐकलंही जातं. मग मधला रस्ता म्हणजे चित्र, ज्यात रक्त नाही पण सगळं जागच्या जागी दिसतंय.

स्टुडिओकडे जायच्या आधीची माझी स्वतःची एक फजिती सांगते. एका जुन्या केसमध्ये पैसे वाचवायला आम्ही रेडिमेड चित्र घेतलं, साईटवर तयार असतात, लायसन्स घ्या आणि प्रिंट मारा. निवडलं मी. क्लायंटचा उजवा हात दुखायचा, मानेतली गादी उजवीकडे सरकून नस दाबत होती. मी फिल्म डाव्या हातात धरली, चित्र स्क्रीनवर, दोन्हीकडे गादी पानाच्या डाव्या बाजूला सरकलेली, म्हंटलं जुळलं. आता गंमत अशी की एमआरआयचा आडवा काप नेहमी पायाकडून वर बघितल्यासारखा दाखवतात, म्हणजे फिल्मवर जे डावीकडे ते पेशंटचं उजवं. आणि ते रेडिमेड चित्र होतं वरून खाली बघितलेलं, त्यात डावीकडे म्हणजे पेशंटचं डावंच. डेपोझिशनमध्ये, म्हणजे ट्रायलच्या आधी शपथेवर साक्ष घेतात त्यात, समोरच्या वकिलाने आमच्या डॉक्टरला अगदी गोड आवाजात विचारलं, डॉक्टर, उजवा हात दुखतोय ना, मग या चित्रात डावी नस का दाबली गेलीय? पुढची पाच मिनिटं मी टेबलाखाली जायचीच बाकी होते. चित्र तिथल्या तिथे मागे घेतलं. त्यानंतर ठरवलं की मोठ्या केसला रेडिमेड नाही म्हणजे नाही.

तर ही केस. चौपन्न वर्षांची बाई, पार्सल डिलिव्हरीचं काम, लाल सिग्नलला उभी असताना मागून ट्रकने ठोकलं. ट्रक कंपनी दुसऱ्या राज्यातली आणि मागणी ७५,००० डॉलरच्या वर, त्यामुळे केस फेडरल कोर्टात गेली. मानेतल्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी, सी५-सी६ म्हणतात, ती उजवीकडे सरकून सहावी नस दाबत होती, दुखणं खांद्यातून थेट अंगठ्यापर्यंत. फिजिओथेरपी झाली, इंजेक्शनं झाली, शेवटी ऑपरेशन. मानेच्या पुढून शिरायचं, गादी काढायची, तिथे हाडाचा तुकडा बसवायचा, वरून प्लेट आणि स्क्रू मारून दोन्ही मणके कायमचे एकत्र जोडायचे.

स्टुडिओला मी पाठवलं ते असं : एमआरआयच्या मूळ डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या अस्सल डिजिटल फाइल्स (फोनवरून काढलेला स्क्रीनचा फोटो नाही, तसे पाठवणारे लोक आहेत), ऑपरेशननंतरचे एक्सरे, सर्जनचा ऑपरेटिव्ह रिपोर्ट, आणि क्लायंटची सही असलेलं रेकॉर्ड्सचं ऑथरायझेशन. दोन दिवसांत इलस्ट्रेटरचा मेल आला आणि तिथेच मला हे लोक आवडले, कारण मेलमध्ये चित्र नव्हतं, प्रश्न होते. रिपोर्टमध्ये एका ठिकाणी हाडाचा तुकडा डोनर बोन, म्हणजे दात्याचं हाड, आहे म्हंटलंय आणि खाली इम्प्लांटच्या यादीत प्लॅस्टिकचा केज, म्हणजे गादीच्या जागी बसवायचा ठोकळा, लिहिलाय, खरं काय? काप डावीकडून घेतला की उजवीकडून, रिपोर्टमध्ये नाहीये. प्लेटला एक्सरेमध्ये चार स्क्रू दिसतायत पण रिपोर्टच्या मजकुरात दोनच मोजलेत, चार धरू का? मी सर्जनच्या ऑफिसला फोन केला तर कळलं की तो रिपोर्ट टेम्प्लेटवरून भरलेला, जुन्या पेशंटची एक ओळ तशीच राहून गेलेली. चार वकिलांनी तो रिपोर्ट वाचला होता, मी दोनदा वाचला होता, कुणालाच दिसलं नाही. चित्र काढायला बसलेल्या माणसाला दिसलं कारण त्याला स्क्रू काढायचे होते ना, दोन का चार हे ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढेच जात नाही.

ही मंडळी नुसती चित्रकार नसतात हेही सांगायला पाहिजे. याचं रीतसर पोस्ट ग्रॅज्युएट शिक्षण असतं, मेडिकलच्या मुलांसारखं डिसेक्शनही करावं लागतं, आणि अख्ख्या उत्तर अमेरिकेत असे मान्यताप्राप्त कोर्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जॉन्स हॉपकिन्सचा विभाग १९११ साली माक्स ब्रोडेल नावाच्या जर्मन चित्रकाराने सुरू केला, तिथून ही परंपरा चालू झाली, आणि यांची असोसिएशन १९४५ पासून आहे, सर्टिफिकेशनपण असतं. म्हणून कुणी विचारलं की भाचा छान ड्रॉइंग काढतो त्याच्याकडून करून घेऊ का, तर हात जोडून नाही म्हणा. आमच्या ऑफिसमध्ये एकाने हौसेने एआयकडूनही मान काढून घेतली होती. दिसायला झकास, आणि मणके मोजले तर आठ. मानेत मणके सात असतात, नसांच्या जोड्या आठ, गोंधळ कुठून झाला असेल ते कळतं पण कोर्टात ते सांगून उपयोग नाही.

आता पहिला ड्राफ्ट. इथे माझी मोठी तक्रार आहे.

तीन पॅनल मागितले होते, अपघाताआधीची मान, अपघातानंतरची, आणि ऑपरेशन. स्केच आलं. अपघाताआधीची मान अगदी पुस्तकातली, वीस वर्षांच्या मुलीची असावी अशी, मणके गुळगुळीत, गाद्या टम्म फुगलेल्या. आमचा वकील खूश. आधी बघा कसं सुंदर, नंतर बघा कसा सत्यानाश, ज्युरीला आणखी काय पाहिजे. मलाही खरं सांगायचं तर बरंच वाटलं होतं. सर्जनला झूमवर दाखवलं तर तो चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनच्या अगदी जवळ आला, बघितलं, आणि म्हणाला ही माझ्या पेशंटची मान नाही.

त्याचं म्हणणं सरळ होतं. अपघाताआधीचा एमआरआय कुणाकडेच नाहीये, पण अपघातानंतर तीन आठवड्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या कडेला हाड वाढलेलं दिसतंय, काटे आल्यासारखं. असं हाड तीन आठवड्यांत वाढत नाही, त्याला काही महिने ते वर्षं लागतात. म्हणजे ट्रकने ठोकलं त्या दिवशीही ते काटे तिथे होतेच. ते दाखवा, पहिल्या पॅनलमध्येही दाखवा, नाहीतर शपथ घेऊन हे चित्र बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. आणि डॉक्टर ते म्हणाला नाही तर चित्र शून्य आहे, कारण चित्राला स्वतःची काही साक्ष नसते, साक्षीदाराने हो, हे मी जे सांगतोय त्याच्याशी जुळतंय असं म्हंटल्याशिवाय ते ज्युरीसमोर उभंच राहत नाही.

वकील कुरकुरला. काटे दाखवले की समोरचे म्हणणार बघा बाईंची मान आधीपासूनच खराब होती, आमच्या ट्रकचा काय संबंध. बचाव पक्षाचा हा ठरलेला डाव, प्रत्येक मानेच्या आणि कमरेच्या केसमध्ये असतो. पण इथल्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे, समोरचा माणूस जसा आहे तसा तुम्हाला मिळतो. त्याची कवटी अंड्याच्या टरफलासारखी नाजूक असली तरी धडक तुम्ही मारली तर झालेलं नुकसान तुमचं. मग काटे लपवायचे कशाला? काटे होते, दुखत नव्हतं, कामावर जात होती, ट्रकने ठोकलं, गादी सरकली, दुखायला लागलं. अर्धा तास वादावादी झाली आणि सर्जन जिंकला.

माझी तक्रार इलस्ट्रेटरबद्दल ही की एमआरआय त्याच्याकडे होता. ज्याने स्क्रू मोजले त्याला काटे दिसले नसतील हे मला पटत नाही. मी विचारलं तर म्हणाला, वकील लोकांना पहिला पॅनल सहसा क्लीन पाहिजे असतो. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि तितकंच वाईट आहे. वर बदललेल्या पॅनलचे पैसे रिव्हिजन म्हणून लावले होते, त्यावर दोन मेल आणि एक फोन झाला तेव्हा अर्धे कमी केले. अर्धेच का, ते अजून मला कळलेलं नाही.

दुसरा ड्राफ्ट मात्र खरंच सुरेख. काटे होते पण ओरडत नव्हते, हाडाच्याच रंगात. दुसऱ्या पॅनलमध्ये तेच काटे, तेवढेच, आणि मधली गादी उजवीकडे बाहेर येऊन नसेला टेकलेली. दोन्ही पॅनल एकाच कोनातून, त्यामुळे नजर आपोआप एकाच फरकावर जाते. कोपऱ्यात छोटी मानवाकृती, तिच्यावर बाण, आपण कुठून बघतोय ते कळायला, आणि उजवं डावं मोठ्या अक्षरात. माझ्या जुन्या फजितीनंतर मी हे लेखी मागितलं होतं. फक्त बाकीची लेबलं बारीक होती, ती मला सांगून मोठी करून घ्यावी लागली. प्रिंट ३० बाय ४० इंचाच्या फोम बोर्डवर घेतले, शिवाय स्क्रीनसाठी फाइल, कारण कोर्टातली टीव्ही स्क्रीन नेमकी त्याच दिवशी बंद पडते हा माझा अनुभव.

एक वाद ट्रायलच्या आधी झाला. दाबलेली नस इलस्ट्रेटरने लालभडक करून तिच्याभोवती उजेड पसरल्यासारखा दाखवला होता, अंगठ्यापर्यंत जाणारी लाल वाट. समोरच्यांनी मोशन, म्हणजे जज्जकडे अर्ज, टाकली की वेदना हे काही शरीरशास्त्र नाही, हा रंग म्हणजे वकिलाचं भाषण आहे. यात १ डिसेंबर २०२४ पासून फेडरल कोर्टात पुराव्याच्या नियमांतला नवा नियम १०७ लागू झालाय तो आला. त्यात असं आहे की समजावून सांगायला आणलेली चित्रं, तक्ते वगैरे पुरावा नाहीत, ती समजायला मदत म्हणून वापरता येतात, पण त्यांनी ज्युरीची दिशाभूल व्हायचा किंवा मन कलुषित व्हायचा धोका जर त्या मदतीपेक्षा बराच जास्त असेल तर जज्ज थांबवू शकतात. राज्यांच्या कोर्टात आपापले नियम, तिथे हेच चित्र कधी पुरावा म्हणून आतही जातं, ते आधी तपासून घ्या. जज्जबाईंनी चित्र ठेवलं, उजेड काढून टाकायला सांगितला. नस पिवळी करा, दाबलेली दाखवा, बस्स. हा निकाल दुपारी चारला आला आणि ट्रायल सोमवारी. स्टुडिओने रात्री अकराला नवी फाइल पाठवली, अर्जंटचे जास्तीचे पैसे लावले, यावेळी मी काही बोलले नाही. आणि खरं सांगू का, लाल काढल्यावर चित्र जास्त चांगलं दिसायला लागलं. आधी ते जाहिरातीसारखं वाटायचं.

आठ ज्युरर होते. सर्जनने जज्जची परवानगी घेऊन खाली उतरून बोर्डाशेजारी उभं राहून सांगायला सुरुवात केली, जसं तो विद्यार्थ्यांना सांगत असेल तसं. इथे आडवा काप घेतला, त्वचेच्या घडीत, इथून श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच मध्याकडे सरकवली, या बाजूला मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी, ती बाहेरच्या बाजूला धरली, मग मणका दिसला. पुढच्या रांगेतल्या एका ज्युररचा हात तेव्हा स्वतःच्या गळ्यावर गेला. त्याला कळलंही नसेल. एमआरआय दाखवताना असा कुणाचा हात कुठे गेलेला मी सहा वर्षांत बघितलेला नाही.

मग उलटतपासणी. समोरचा वकील थेट बोर्डाकडे गेला, काट्यांवर बोट ठेवलं, डॉक्टर, हे माझ्या अशिलाच्या ट्रकमुळे आलेले नाहीत, बरोबर? सर्जन म्हणाला बरोबर, म्हणूनच पहिल्या पॅनलमध्येही आहेत. बोट काही सेकंद तिथेच राहिलं. त्याने पुढचे चार प्रश्न तयार ठेवले असणार, ते त्याने विचारलेच नाहीत, दुसऱ्या विषयावर गेला. आमच्या वकिलाने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली, कुरकुर कुणी केली होती ते दोघांनाही आठवत होतं.

एक चूक मात्र आमची झाली आणि ती स्टुडिओच्या माथी मारता येणार नाही. क्लायंटला आम्ही ऑपरेशनचा पॅनल आधी दाखवलाच नव्हता. ड्राफ्ट सर्जनने बघितला, वकिलाने बघितला, मी तर झोपेतही बघत होते, जिची मान आहे तिला कुणी विचारलंच नाही. तिने स्वतःचा गळा उघडलेला पहिल्यांदा बघितला तो भर कोर्टात, आठ अनोळखी लोकांबरोबर. ती उठून बाहेर गेली. मी मागे गेले तर बाथरूममध्ये बेसिनला धरून उभी, म्हणाली मला वाटलं होतं एक छोटं भोक पाडलं असेल. वर्ष होऊन गेलं होतं ऑपरेशनला. आता मी दर वेळी ट्रायलच्या आठवडाभर आधी क्लायंटला ऑफिसात बोलावते, चहा देते आणि बोर्ड दाखवते.

ज्युरी आत गेल्यावर दोन तासांनी त्यांची चिठ्ठी आली, ते मानेचं चित्र आत मिळेल का. नियम १०७ प्रमाणे दोन्ही बाजू हो म्हणाल्या तर किंवा जज्जना तसंच काही सबळ कारण दिसलं तरच देता येतं. समोरच्यांनी अर्थातच नाही म्हंटलं, जज्जनीही नाही म्हंटलं. त्यांना मिळाली ती एमआरआयची करडी फिल्म आणि रेकॉर्ड्सचा गठ्ठा, कारण पुरावा तो होता. हे ऐकून स्टुडिओला पैसे कशाला दिले असं वाटू शकतं, पण त्यांनी चित्र मागितलं म्हणजे ते डोक्यात बसलं होतं ना. निकाल आमच्या बाजूने लागला, मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं. ते चित्रामुळे मिळालं असं मी म्हणणार नाही, सर्जन चांगला होता, बाई खरी होती.

पैशांचं बोलायचं तर पूर्ण बिल चार आकडी डॉलर झालं. आमच्याकडे फी कंटिंजन्सीवर असते, म्हणजे पैसे मिळाले तरच फी, सहसा मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा, आणि असे खर्च करारानुसार वेगळे, ते शेवटी क्लायंटच्या पैशांतूनच वजा होतात. त्यामुळे नुसती मान आखडली, चार महिन्यांत बरं वाटलं अशा केसला असलं चित्र काढून घेणं म्हणजे क्लायंटच्या खिशात हात घालणं, तिथे रेडिमेड पुरतं (उजवं डावं तपासून!). बहुतेक केसेस ट्रायलपर्यंत जातच नाहीत, मध्येच सेटल होतात, म्हणून मी आता आधी फक्त स्केच मागवते, मीडिएशनला, म्हणजे मध्यस्थासमोरच्या तडजोडीच्या बैठकीला, तेवढंच घेऊन जाते, रंगवायचं काम ट्रायल नक्की झाली की. स्टुडिओ याला तयार असतो, पण आपण विचारावं लागतं, ते स्वतःहून सांगत नाहीत.

अजून एक, कॉपीराइट त्यांच्याकडेच राहतो. आपण घेतो ते त्या एका केसपुरतं लायसन्स. आमच्या मार्केटिंगवाल्या पोराने निकालानंतर उत्साहात तेच चित्र फर्मच्या वेबसाइटवर चढवलं, तिसऱ्या दिवशी स्टुडिओचा मेल, नम्र पण थंडगार. काढलं. क्लायंटच्या मानेचं चित्र तिला न विचारता साइटवर टाकायचं नसतं हे त्याला वेगळं सांगावं लागलं, तो भाग मेलमध्ये नव्हता, तो मी माझ्या भाषेत सांगितला.

पाचपैकी चार. एक त्या पहिल्या पॅनलसाठी कापला.

नवीन केस गुडघ्याची आहे, नडगीच्या हाडाचा वरचा भाग फुटलाय, प्लेट घातलीय, माणूस एकसष्ट वर्षांचा, आणि दुसऱ्या गुडघ्याच्या एक्सरेवरून दिसतंय की झीज आधीपासून दोन्हीकडे असणार. सोमवारी फाइल्स पाठवल्या. मेलची पहिलीच ओळ लिहिली, झीज दाखवा, दोन्ही पॅनलमध्ये. उत्तरात सात प्रश्न आलेत, त्यातल्या तिसऱ्याचं उत्तर रिपोर्टमध्ये नाहीये.